मदत हवी आहे: 19 वर्षं काम, कागद एक नाही, आता "येऊ नका"

बावडेकर07
कोल्हापूरच्या उद्यमनगरात 19 वर्षं काम. शनिवारी हप्ता हातात दिला आणि सोमवारपासून येऊ नका म्हणाले. ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सुटताना मालकानं द्यायची रक्कम, मिळते का? कुठं जायचं? "वकील गाठा" एवढंच सांगणार असाल तर राहू द्या. जरा लवकर सांगा.

पावती_ठेवा
कामाला माणसं किती? पगार बँकेत का रोख? नेमणूकपत्र हाय? हे कळल्याशिवाय काय सांगणार, भावा?

निवांत_रंकाळा
तुम्ही श्रमयोगी मानधन काढून टाका. साठीनंतर महिना 3000 पेन्शन. माझ्या मेव्हण्यानं काढलंय.

बावडेकर07
अहो, माझं नाही, बाबांचं काम. वय 54. लेथवर टर्नर. रोज 550, रोखीत, दर शनिवारी. मस्टरवर (हजेरीपटावर) पाचच जण.

पावती_ठेवा
@निवांत ती योजना 18 ते 40 वयातच सुरू करता येते. धागा वाचा की जरा.
@बावडेकर मस्टरवर पाच, आणि खरोखर किती?

बावडेकर07
अकरा. उरलेले सहा शेजारच्या गाळ्यात. तिथली पाटी मालकाच्या बायकोच्या नावावर आहे. पण बाबा दोन्हीकडं काम करायचे, जिथं माल अडकेल तिथं.

पावती_ठेवा
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं! ग्रॅच्युइटीला दहा माणसं लागतात. मागच्या बारा महिन्यांत एक दिवस जरी दहा भरली असली तरी चालतं, नंतर कमी केली तरी कायदा लागूच राहतो. पाट्या दोन असल्या तरी माणसं, मशिनं, हिशोब एकमेकांत मिसळलेलं दाखवता आलं तर एकच आस्थापना धरायला लावता येतं. ते सोपं नाही, पण होतं.
हिशोब: रोजचे 550 × वर्षामागं 15 दिवस × 19 वर्षं = 1,56,750.

गोकुळ_शिरगाव
नव्या कामगार संहितेत (कायद्यात) एका वर्षातच ग्रॅच्युइटी मिळते. कालच मेसेज आलाय ग्रुपवर.

पावती_ठेवा
ते ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर असलेल्यांना. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण कायम माणसाला पाच वर्षं आणि आस्थापनेत दहा जण ही अट तशीच आहे. बाबांची 19 झालीत, मग एका वर्षाचं काय घेऊन बसलाय?

शिरोलीचा_गाळेवाला
मालकांची बाजू पण ऐका की. माझ्याकडं सात माणसं. मोठी कंपनी बिल तीन-तीन महिने काढत नाही. मी माणसाला काम शिकवतो, आणि तो रोज वीस रुपये जास्त मिळाले की शेजारच्याकडं जातो. पीएफ कापतो म्हटलं तर कामगारच म्हणतोय, नको, हातात द्या.

आक्का_राजारामपुरी
लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यायचं, असा 2006 चा कायदा आहे. तुम्ही केलीय कधी तक्रार?

शिरोलीचा_गाळेवाला
केली तर पुढची ऑर्डर कोण देणार, ताई?

आक्का_राजारामपुरी
मग ह्यांचे बाबा 19 वर्षं गप्प का बसले, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे.

निवांत_रंकाळा
ई-श्रम कार्ड तरी काढा. फुकट आहे.

पावती_ठेवा
काढा, पण त्यानं मालकाच्या खिशातनं रुपया निघत नाही. असंघटित कामगार म्हणून नोंद होते, इतकंच.

गोकुळ_शिरगाव
सेकंडहँड लेथ घेऊन द्या बाबांना, घरी जॉबवर्क करतील. ओळखीत एक हाय. आणि उद्यमनगरात गेलाच तर मिसळ कुठली चांगली ते पण सांगा, बरीच वर्षं झाली खाऊन.

बावडेकर07
दादा, घरी थ्री फेज नाही आणि मिसळीवर वेगळा धागा काढा. एक सांगायचं राहिलं. बाबांनी एका कागदावर सही केलीय. 25,000 दिले आणि "सर्व हिशोब मिळाला, तक्रार नाही" असं लिहून घेतलंय. चष्मा घरी होता म्हणतात. संपलं का सगळं?

पावती_ठेवा
देवा! हे आता सांगताय?
संपलं नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क कुठल्याही कराराला वरचढ असतो, सही करून तो सोडता येत नाही. पण "स्वतःहून सोडलं" असं लिहिलंय का, ते बघा. कारण कामावरून काढलं असेल तर ग्रॅच्युइटीशिवाय एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार, शिवाय दर वर्षामागं पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई. ह्याला दहा माणसांची अट नाही. दहाचा मुद्दा कोर्टात फसला तर हेच हातात राहतं. ग्रॅच्युइटीचा अर्ज आधी मालकाला, तीस दिवसांच्या आत, पोचपावतीसह पाठवा. मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. पुरावा म्हणून चलनांवरच्या सह्या, दिवाळीच्या पूजेचे फोटो, सोबत्यांचे जबाब, काहीही गोळा करा.

बावडेकर07
आईकडं डायरी आहे. दर शनिवारचा हप्ता तारखेसकट लिहिलाय, 2009 पासून. पण बाबाच नको म्हणतायत. थोरल्या मालकांनी माझी आयटीआयची फी भरली होती, त्या घरावर केस करायची नाही म्हणतात.

शिरोलीचा_गाळेवाला
बघा, अशी पण माणसं असतात.

आक्का_राजारामपुरी
डायरीत फी भरली त्या वर्षाचे शनिवार बघ रे बाळा. हप्ता कमी आलाय का?

बावडेकर07
बघितलं. जून 2016 पासून दर शनिवारी 100 कमी. शेजारी आईनं लिहिलंय, "फी उचल". पुढच्या दिवाळीपर्यंत.
डायरी बाबांपुढं ठेवली. काही बोलले नाहीत, चष्मा कुठाय विचारलं.
अर्जाचा नमुना कुणाकडं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सोमवारी जातोय.