गरोदरपणाचे जुने इंग्रजी-जर्मन शब्द : लाज की माया?

शब्दवेल्हाळ
जून १९४८ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याने जाहीर केलं की राजकन्या एलिझाबेथ महिनाअखेरीनंतर सार्वजनिक कार्यक्रम स्वीकारणार नाहीत. बस्स, एवढंच. दिवस गेलेत हे लोकांनी ओळखायचं! नोव्हेंबरात चार्ल्स जन्मले. अमेरिकेत १९५२ साली ‘आय लव्ह लूसी’ या टीव्ही मालिकेची नायिका खरोखर गरोदर होती, पोट पडद्यावर दिसत होतं, पण वाहिनीने ‘प्रेग्नंट’ म्हणू दिलं नाही. ‘एक्स्पेक्टिंग’वर भागवलं. ‘डेलिकेट कंडिशन’ काय, जर्मनांचं ‘इन आंडेरन उम्श्टेंडन’ म्हणजे ‘वेगळ्या परिस्थितीत’ काय, बाईचं शरीर दडवणारेच शब्द हे. त्यातही भेदभाव आहेच. लग्न झालेली ‘इन द फॅमिली वे’, न झालेली मात्र ‘इन ट्रबल’. मला याची चीड येते.

राइनकाठ
असहमत. जर्मनला त्याच माळेत ओवू नका. ‘गुटर हॉफनुंग’ असणं म्हणजे चांगल्या आशेत असणं. यात लाज कुठे आली? सोनोग्राफी नव्हती, पाळी आजारपणानेही चुकायची, पोटात हालचाल जाणवेपर्यंत खात्री नसायची. बाळंतपणात आई दगावायची, बाळ दगावायचं. अशा वेळी आशा आहे असंच म्हणणार ना माणूस? आपल्याकडेही तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर सांगत नाहीत, ते काही लाजेपोटी नव्हे.

कोर्टकचेरी
इंग्रजीचीही बाजू मांडते. इंग्लंडमध्ये फाशीची शिक्षा झालेली बाई आपण पोटुशी असल्याचं कोर्टाला सांगू शकायची. मग अनुभवी बायकांची ज्यूरी तिला तपासायची. पोटात जीव हलत असला तर फाशी पुढे ढकलली जाई. याला शब्द काय, तर ‘प्लीडिंग द बेली’. सरळ पोटाचंच नाव! १९३१ च्या कायद्याने गरोदर बाईला फाशी देणंच बंद केलं, आणि त्याच्या नावात ‘एक्स्पेक्टंट मदर्स’ हे सोवळे शब्द आहेत. म्हणजे उघड्या शब्दाच्या काळात बाई जास्त सुरक्षित होती असं नाही.

शब्दवेल्हाळ
उदाहरण जबरदस्त आहे, पण जीव कायद्याच्या कलमाने वाचवला, शब्दाने नाही. राइनकाठ, तुमच्या जर्मनीतच बघा. १९५२ च्या मातृत्व संरक्षण कायद्यात ‘वेर्डेंडे म्युटर’, होऊ घातलेल्या आया, असा शब्द होता. २०१८ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात सरळ ‘श्वांगेरे फ्राउ’, गरोदर स्त्री. हे मला फार मोलाचं वाटतं. कामावरची बाई संरक्षण मागते ते आज तिच्या अंगावर असलेल्या भारासाठी. ती पुढे कोणाची आई होणार, हा मुद्दा नंतरचा.

पोटुशी_२०
सध्या सातवा चालू आहे म्हणून बोलते. डॉक्टरांनी ‘प्रेग्नंट’च म्हणावं. आजेसासूबाई ‘दोन जिवाची’ म्हणतात तेव्हा मात्र ताटात जास्तीची पोळी येते. मला दोन्ही हवेत.

राइनकाठ
कायद्यात थेट शब्दच हवा, हे मान्य. पण गरोदरपणीच्या कपड्यांना जर्मनीत आजही ‘उम्श्टांड्समोडे’, म्हणजे ‘परिस्थिती’चेच कपडे, म्हणतात, आणि ती पाटी वाचून कोणी लाजत नाही. ‘हॉफनुंग’ मात्र आता फारसं कानावर येत नाही. तो शब्द जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.