आईला थँक्यू म्हटलं तर ती घाबरली

घरच्यांना थँक्यू म्हटलं की परकं वाटतं, असं बरेच जण म्हणतात, ते पटतं पण अर्धंच. मी २०१५ ला अकरावीसाठी लातूरला आलो, आई पहाटे ४ ला उठून डबा करायची, पप्पा तो गावातून पहिल्या एसटीत ठेवायचे, मी स्टँडवर जाऊन घ्यायचो आणि वर भाकरी कडक झाली म्हणून फोनवर चिडायचो. २०१६ च्या टंचाईत, मिरजेहून रेल्वेने पाणी यायच्या आधी, डब्यासोबत पाण्याचा कॅनपण यायचा. तो फाट्यापर्यंत कोण उचलून आणतं हा विचारच कधी केला नाही.

आता स्वतः रूमवर स्वयंपाक करतो तेव्हा कळतंय. मागे आईला फोनवर थँक्यू म्हटलं तर ती घाबरली, "बरा आहेस ना रे?" मग नीट सांगितलं, तू ४ ला उठायचीस, ती शेंगदाण्याची चटणी, सगळं आठवतं म्हणून. जरा वेळ गप्पच झाली, मग म्हणाली, "पप्पांना पण सांग, थंडीत सायकलवर कॅन न्यायचे."

पप्पा फोन लगेच आईकडे देतात, त्यामुळे ते राहिलंय, दिवाळीत समोर बसूनच सांगणार आहे.