मदत हवी आहे: जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये पावसाचं पाणी येतंय, वाट सापडत नाही

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात राहतो. घरची पिकअप आहे, 2008 चं मॉडेल, 2017 मध्ये जुनी घेतली. उन्हाळ्यात आंबा, पावसाळ्यात खत, पत्रे, मिळेल ते भाडं. आठवड्यातून दोनदा अणुस्कुरा घाटातून कोल्हापूर. इंजिनाला गाडी चांगली आहे, वाटेत कधी सोडलेलं नाही. पण गेले दोन पावसाळे केबिनमध्ये पाणी येतंय आणि यंदा आर्द्रा लागल्यापासून ते फारच वाढलंय.

गेल्या मंगळवारी घाट उतरताना वायपर बंद पडले. धुकं, धो धो पाऊस, शेजारी बायको बसलेली. समोरून एसटी येत होती तिचे नुसते दिवे दिसत होते. गाडी कशीबशी कडेला घेतली, डॅशबोर्डखाली हात घातला तर फ्यूज बॉक्स ओला. वायपरच्या फ्यूजचे पाय हिरवे पडलेले. चाकूने खरवडून परत बसवला तेव्हा वायपर चालू झाले. सीट ओलं झालं, कागद भिजले हे सहन केलं होतं, पण त्या दिवशी खरंच घाबरलो. म्हणून इथे विचारतोय.

पाणी दोन ठिकाणी येतं.

पहिलं, क्लीनर साइडला पायाखाली. रात्रभर गाडी खळ्यात उभी असली की सकाळी मॅटिंगखाली तांब्याभर तरी पाणी असतं. वरून कुठेही टपकताना दिसत नाही. मॅटिंग उचललं तर खालचं फेल्ट स्पंजासारखं भिजलेलं, आणि त्याखाली पत्रा गंजायला लागलाय. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, अजून आरपार गेलेला नाही.

दुसरं, ड्रायव्हर साइडला, उजव्या गुडघ्याच्या वर, फ्यूज बॉक्सच्या बाजूला. हे पाणी गाडी उभी असताना येत नाही. उतारावर ब्रेक मारला की एकदम चमचाभर पाणी खाली येतं आणि थांबतं. घाट चढताना नाही, उतरताना येतं.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. मागच्या वर्षी एका गॅरेजमध्ये पुढच्या काचेच्या रबराभोवती सगळीकडून सिलिकॉन भरून दिलं. महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. यंदा मी स्वतः त्यावर आणखी एक हात दिला. काहीच फरक नाही. दरवाज्यांची रबरं दोन वर्षांपूर्वी नवी घातली आहेत. काच बसवणारा कारागीर म्हणतो, काच काढून रबरच नवीन घाल. पण ऐन पावसात काच काढायची भीती वाटते, खालचा पत्रा सडलेला निघाला तर गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहील आणि खताची भाडी जातील.

टपावर कॅरिअर आहे, तीन वर्षांपूर्वी बसवला. गाडी फणसाखाली उभी असते. खळ्याला उतार आहे, गाडीचं तोंड खाली असतं.

आमच्याकडे कौलारू घर आहे, त्यामुळे एवढं कळतं की फुटलेलं कौल एकीकडे असतं आणि पाणी वाशावरून घरंगळत भलतीकडेच टपकतं. गाडीतही तसंच असणार. ते वासे कुठले आणि कौल कुठलं, हे शोधायची काही रीत आहे का? काच काढायच्या आधी काय काय तपासू?

प्रतिसाद

दादा, काचेला आत्ता हात लावू नका. कोल्हापुरात माझं डेंटिंगचं काम आहे, पावसाळ्यात दर आठवड्याला अशी एखादी गाडी येते. तुम्ही लक्षणं नीट लिहिली आहेत, त्यावरून वाटतंय की दोन्ही पाण्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

आधी एक खात्री करा. क्लीनर साइडचं पाणी बोटावर घेऊन चोळा. चिकट, रंगीत असेल आणि रेडिएटरमधलं कूलंट कमी होत असेल तर ते पावसाचं नाहीच, हीटरच्या जाळीचं, म्हणजे केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरचं आहे. साधं पाणी असेल तर पुढे जा.

बोनेट उघडा. वायपरखाली जाळी असते, तिच्याखाली एक पोकळ पन्हळ असते. काचेवरचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जातं. ब्लोअर बाहेरची हवा त्याच पन्हळीतून घेतो. भोकं पानांनी तुंबली की पाणी साठतं, हवेच्या तोंडापर्यंत चढतं आणि ब्लोअरमधून क्लीनरच्या पायाशी उतरतं. फणसाखाली उभी असते म्हणालात, म्हणून मला आधी तीच शंका आली.

ड्रायव्हर साइडला मला कॅरिअरचा संशय आहे. टपाच्या कडेच्या पन्हळीत जिथे कॅरिअरचे पाय आवळलेत, तिथे दोन पत्र्यांच्या जोडावर सीलर, म्हणजे फट बुजवणारा लेप असतो. गाडी हादरते, पाय घासतो, सीलरला तडा जातो. पाणी टपाच्या पत्र्याखाली साठून राहतं, ब्रेक मारला की पुढे धावतं आणि काचेच्या बाजूच्या खांबातून खाली फ्यूज बॉक्सवर पडतं. चढावर ते मागे जातं, म्हणून तेव्हा तुम्हाला दिसत नाही.

पण मी म्हणतो म्हणून मानू नका, पाणी मारून बघा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मॅटिंग, फेल्ट बाहेर. आतला पत्रा पुसून कोरडा करा आणि त्यावर वर्तमानपत्र अंथरा. शक्य तिथे टाल्कम पावडर मारा, ओघळ उठून दिसतो. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून साधा पाइप धरायचा. प्रेशरने धुवायचं मशीन वापरू नका, ते चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतं आणि मग काहीच कळत नाही. सुरुवात खालून करायची. आधी चाकाच्या वरची बाजू, मग वायपरची पन्हळ, मग काचेची खालची कड, बाजू, वरची कड आणि शेवटी टप. वरून सुरू केलंत तर सगळंच भिजतं. एकेका जागेला दहा मिनिटं द्या, आतून वळसे घेऊन यायला पाण्याला वेळ लागतो. गाडीचं तोंड उताराकडे ठेवा, घाटात येतं तसंच आलं पाहिजे.

फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायरिंग आणि केबल जिथे आत येतात तिथली रबरी बुचंही बघा. कडक होऊन चिरलेली असतात.

आणि ते सिलिकॉन. लावताना आंबट, व्हिनेगरसारखा वास आला होता का? तसलं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज चढवतं, आणि त्याचा थर राहिला की वर दुसरं काही चिकटत नाही. रबराच्या आत कुठून तरी शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाटही तेच बंद करतं. कधी तरी ते पूर्ण काढावं लागणार आहे.

प्रतिसाद

आमच्या गाडीचं पाणी चार महिने सापडत नव्हतं. शेवटी दरवाज्यात निघालं. काचेच्या फटीतून दरवाज्यात पाणी जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. दरवाज्याच्या आतल्या पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाणी आत येऊ देत नाही. आमच्याकडे स्पीकर बसवताना तो कागद फाडून टाकला होता. तुमच्या गाडीत मागाहून स्पीकर बसवलेत का? पॅड काढून एकदा बघाच.

प्रतिसाद (धागा काढणारा)

ताई, हो, स्पीकर आधीच्या मालकाने बसवलेले आहेत. बघतो.

प्रतिसाद (धागा काढणारा)

दादा, तुमचे फार उपकार आहेत. रविवारी दुपारी दोन तास उघडीप मिळाली. मेहुण्याला आत बसवलं, मी पाइप धरला.

वायपरखालची जाळी काढली तर खाली पानांचा कुजून काळा चिखल झालेला, त्यात फणसाची एक आठळी चक्क रुजलेली. क्लीनर साइडचं भोक कुठे आहे तेच आधी सापडेना. चिखल काढायच्या आधी तुम्ही सांगितलं तसं पाणी सोडून बघितलं. सात-आठ मिनिटांत मेहुणा आतून ओरडला, ब्लोअरच्या डब्याखालून धार लागली होती. मग सगळं हाताने साफ केलं, भोकात जुनी क्लच केबल घालून मोकळं केलं. पुन्हा पाणी मारलं, सगळं चाकामागे खाली पडलं, आत थेंब नाही. नऊ महिने ज्या पाण्यासाठी काचेला दोष देत होतो ते असं निघालं.

काचेच्या चारही कडांवर पाणी मारलं, आत काही नाही. वासाचं म्हणाल तर हो, आंबटच होता. दिवाळीनंतर काढतो.

टपावर गेलो तर कॅरिअरच्या उजव्या पुढच्या पायाखाली सीलर सुटलेला. पाय काढला, सीलरची खपली नखाने निघाली, आणि खाली जोडावर काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढं भोक, कडेने गंज. पाणी सोडल्यावर लगेच काही नाही, पण मेहुण्याने आतून खांबाला कान लावला तर त्याला पाणी उतरताना ऐकू आलं.

आता विचारायचंय ते हे. भोक आत्ताच वेल्डिंग करून घेऊ का?

प्रतिसाद

आत्ता नको. तिथे गॅस लावायचा तर आतलं अस्तर आणि खांबातली वायरिंग आधी सोडवावी लागते, नाहीतर जळतं. पावसाळा काढायला एवढं करा. गाडी दोन दिवस छपराखाली घ्या. वायर ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, गंज बोटभर लांबवर पसरलेला असतो, तेवढं सगळं. थिनरने पुसा, इपॉक्सी प्रायमर मारा, वाळू द्या, मग गाडीच्या जोडासाठी मिळतो तो पीयू सीलर बोटाने दाबून भरा. लांबी (पुट्टी) भरू नका, ती हादऱ्याने तडकते. ओल्या पत्र्यावर यातलं काहीही टिकणार नाही. कॅरिअरचा तो पाय परत बसवताना खाली रबराची जाड पट्टी द्या. आणि फ्यूज बॉक्स काढून प्रत्येक पाय साफ करा, हिरवा पडलेला फ्यूज बदलाच. घाटात जायचंय तुम्हाला.

प्रतिसाद (धागा काढणारा)

सगळं तसंच केलं. गाडी मांगरात दोन दिवस उभी केली, एक भाडं सोडलं. फ्यूज नवे घातले. काल रात्री मुद्दाम गाडी खळ्यात काढून दोन्हीकडे पेपर अंथरले. रात्रभर पाऊस झाला.

सकाळी क्लीनर साइडचा पेपर कोरडा. फ्यूज बॉक्सही कोरडा, हात फिरवून बघितला. पण ड्रायव्हर साइडच्या पेपरवर दरवाज्याच्या उंबऱ्याजवळ रुपयाच्या नाण्याएवढा ओला डाग आहे. ही जागा तिसरीच. ताई म्हणाल्या ते दरवाज्याचं पॅड अजून उघडलेलं नाही. आज संध्याकाळी उघडतो आणि कागद आहे की नाही ते इथे कळवतो.