मदत हवी आहे : फ्लोरिडात कपड्यांची दोरी आणि भाजीचे वाफे

फ्लोरिडातील आमच्या घरासमोर आम्ही भाजीचे वाफे केले असून मागे कपडे वाळवण्यासाठी दोरी बांधली आहे. दोन्ही काढून टाकावे, असे पत्र घरमालक संघटनेने (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे वसाहतीतील घरांचे नियम ठरवणारी संस्था) पाठवले आहे. माझ्या वाचनाप्रमाणे २०१९ चा भाजीबागेविषयीचा राज्य कायदा शहर आणि काउंटी प्रशासनाचे हात बांधतो, संघटनेचे नाही, त्यामुळे वाफ्यांबाबत आमची बाजू लंगडी दिसते. दोरीला मात्र फ्लोरिडाच्या राज्य कायद्यातील कलम १६३.०४ चे संरक्षण आहे, कारण त्यात (गंमत म्हणजे) ती सोलर पॅनेलप्रमाणेच अक्षय ऊर्जेचे साधन मानलेली आहे. तरीही ती अंगणात नेमकी कुठे बांधावी, हे संघटना ठरवू शकते का? अशा पत्राला कोणी लेखी उत्तर दिले असल्यास त्यात कोणते मुद्दे मांडले आणि वकिलाची गरज पडली का, हे कृपया कळवावे.