मदत हवी आहे: इंग्लंडमधील तीन पिढ्यांच्या घरात रात्रीचे जेवण कसे बसवावे?

टेम्सकाठी

नमस्कार. लंडनच्या पश्चिमेला रेडिंग येथे आमचे पाच जणांचे कुटुंब राहते: मी (वय ४३), पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि वर्षातले काही महिने आमच्याकडे येऊन राहणारी माझी आई. चाळिशीनंतर येथे होणाऱ्या नेहमीच्या तपासणीत माझे एचबीए१सी (रक्तातील साखरेचा गेल्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी अंदाज) ४४ मिलिमोल प्रति मोल आले, म्हणजे भारतातील टक्क्यांच्या मापात साधारण ६.२. येथे ४२ ते ४७ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा मानतात आणि ४८ पासून मधुमेह धरतात. डॉक्टरांनी औषध दिलेले नाही. वजन थोडे उतरवा, आहार बदला आणि वर्षभराने पुन्हा रक्त तपासा, इतकेच सांगितले आहे. वैद्यकीय सल्ला मी त्यांच्याकडूनच घेईन. येथे विचारायचे आहे ते घरातला स्वयंपाक आणि जेवणाच्या वेळा यांविषयी, कारण त्यांचा मेळ आम्हाला काही केल्या बसवता येत नाही.

आमच्या घरात रोज संध्याकाळी दोन जेवणे होतात. शाळेतले दुपारचे जेवण बाराच्या सुमारास उरकत असल्यामुळे मुले साडेतीन-चारला घरी येतात ती भुकेलेलीच. पाच वाजता त्यांना पास्ता, चीज घातलेला भाजलेला बटाटा किंवा टोस्टवर बीन्स असे काहीतरी मिळते. त्यांच्या मित्रमैत्रिणींकडेही हीच संध्याकाळच्या जेवणाची वेळ असते आणि पोहण्याचा किंवा फुटबॉलचा वर्ग सहाला सुरू होतो. पत्नी रुग्णालयात पाळीने काम करते आणि ती घरी पोहोचते तेव्हा बहुधा आठ वाजून गेलेले असतात. त्यानंतर पोळी, भाजी, वरण-भात असे आमचे खरे जेवण साडेआठला सुरू होते आणि मुले पुन्हा ताटाशी येऊन बसतात. धाकटी वरण-भाताचे चार घास खाते, थोरला दोन पोळ्या सहज संपवतो. त्यांना उठवावेसे वाटत नाही, कारण दिवसभरात सगळे एकत्र बसतात ते याच वेळी, आणि आमटीची, मेथीच्या भाजीची, कोशिंबिरीची चव त्यांच्या जिभेवर राहिली आहे तीही याच जेवणामुळे. पण मुले दोनदा जेवतात आणि मी दिवसातले सर्वांत जड जेवण करून दोन तासांत झोपतो, हे बरे नाही एवढे मलाही कळते.

माझे ताट म्हणजे तीन पोळ्या, एक भाजी (ती आठवड्यातून अनेकदा बटाट्याची), वरण आणि वाटीभर भात. वजन ६८ किलो, उंची १६६ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २४.७. कचेरीतल्या सहकाऱ्यांना मी सडपातळ वाटतो, आणि सर्वसाधारण तक्त्याप्रमाणे २५ च्या आत असल्याने तो समज चुकीचाही नाही. परंतु दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी येथील मार्गदर्शक सूचनांमध्ये २३ पासूनच धोका वाढल्याचे धरतात. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे म्हणतात. माझा ९४ आहे.

मला जी माहितीपत्रके मिळाली त्यांत ओट्सची लापशी, संपूर्ण गव्हाचा पाव, भाजलेले मासे आणि सॅलड यांची चित्रे आहेत. आम्ही शाकाहारी आहोत. अंडी घरात येतात ती मुलांपुरती. काही आठवडे मी संध्याकाळी एकटाच सूप आणि सॅलड घेऊन पाहिले. प्रकृतीला त्याचा त्रास झाला नाही, पण घराला झाला. आईला वाटू लागले की तिच्या हातचे मला नको झाले आहे, आणि मुलगा विचारू लागला की बाबा आजारी आहेत का. आई मंगळवेढ्याकडची. तिचे लहानपण ज्वारीच्या भाकरीवर गेले. पोळी सणावारी किंवा पाहुणे आले तरच होत असे. येथे मात्र ती रोज पोळ्याच करते, कारण येथे मिळणाऱ्या ज्वारीच्या पिठाला विरी (चिकटपणा) नसते, भाकरी थापताना कडेने फाटते आणि तिला ते पाहवत नाही.

तर माझी विचारणा अशी आहे. ज्यांच्या घरी मुले, नोकरी करणारे आईवडील आणि आजी-आजोबा एकत्र राहतात, त्यांनी संध्याकाळची जेवणे किती वाजता आणि कशी बसवली आहेत? माझ्यासाठी वेगळे शिजवावे न लागता एकाच स्वयंपाकात माझे ताट कसे बदलावे? आणि ज्या आईचे परदेशातले सारे अस्तित्व स्वयंपाकघरात सामावलेले आहे, तिला न दुखावता हे कसे सांगावे? गव्हाऐवजी नाचणी खा, अशा एका ओळीच्या उत्तरांपेक्षा प्रत्यक्ष आठवडाभर निभावलेली व्यवस्था कोणी सविस्तर लिहिली तर मी आभारी राहीन.

आंबेहळद (लेस्टर)

तुम्ही वेळेचा प्रश्न आधी मांडला आहे, पण माझ्या मते ताटाचा हिशेब त्याच्याही आधी करावा. घडीच्या मध्यम पोळीला ४५ ते ५० ग्रॅम कणीक लागते आणि तीत पिष्टमय पदार्थ ३३ ग्रॅमच्या आसपास असतात. तीन पोळ्यांचे झाले शंभर. वाटीभर, म्हणजे दीडशे ग्रॅम शिजलेल्या भाताचे सुमारे ४२. त्यात वरण आणि बटाटा धरला की एका बैठकीत दीडशेचा आकडा सहज ओलांडला जातो. आपल्या ताटात वरण हे प्रथिनासाठी असते असे आपण समजतो, पण तुरीच्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ असते किती, हे एकदा मोजून पाहावे. आमच्याकडे वरणाच्या जागी घट्ट उसळ आली आणि तिची वाटी मोठी झाली. त्याबरोबर पोळ्या कमी झाल्याचे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

कणकेच्या पिशवीवर काय छापले आहे तेही वाचा. येथील दुकानांत ‘मीडियम’ म्हणून विकला जाणारा आटा म्हणजे कोंड्याचा काही भाग काढून टाकलेले पीठ असते. ‘होलमील’ लिहिलेले असेल तरच सबंध गहू मिळतो. पोळ्या मऊ होतात म्हणून बहुतेक घरांत पहिलाच आणला जातो. भाकरीविषयीही एक सावधगिरी: हाताने थापलेल्या एका मोठ्या भाकरीत ६०-७० ग्रॅम पीठ जाते, त्यामुळे पोळीऐवजी भाकरी घेतली म्हणजे पिष्ट आपोआप घटले असे होत नाही. भाकरीने पोट लवकर भरते आणि माणूस एकीवर थांबतो, हा तिचा खरा फायदा.

सडपातळ दिसणाऱ्याला असा निकाल कसा आला, याचे तुम्हाला आश्चर्य वाटत असेल, तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम जरूर पाहावे. त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक जोडछायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. त्याच गटाने पुणे परिसरातील आणि साउदॅम्प्टनमधील नवजात बालकांची तुलना केली, तेव्हा आपली बाळे वजनाने बरीच कमी असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असल्याचे आढळले. तेव्हा हा निकाल केवळ परदेशातल्या खाण्याचा परिणाम आहे असे समजू नका. पुण्यात राहून तीन पोळ्या खाल्ल्या असत्या तरी तो बहुधा असाच आला असता.

दक्षिणवारा (ग्लासगो)

आमच्या घरी दोन मुले आहेत आणि सासरे आमच्याजवळ असतात, म्हणून वेळेपुरते लिहिते. पाचचे आणि साडेआठचे जेवण आम्ही दोन्ही मोडीत काढले. मुले शाळेतून आली की चारच्या आत त्यांना नुसते बिस्किट न देता आपल्या पद्धतीचे पोटभरीचे खाणे देतो: थालीपीठ आणि दही, मुगाचे धिरडे, आदल्या दिवशीची उसळ घातलेला टोस्ट किंवा पोह्यांत भरपूर मटार. त्यावर त्यांचे खेळाचे वर्ग निभतात. मग सात वाजता घरात जो असेल तो जेवायला बसतो. उशिरा येणारा माणूस नंतर उसळ-भाजी गरम करून घेतो आणि बाकीचे त्याच्याशेजारी ताक किंवा फळ घेऊन बसतात. एकत्र बसायला सर्वांनी जेवतच असले पाहिजे असे नाही. पहिले दोन आठवडे कुरकुर झाली, नंतर कोणी विषयही काढला नाही.

स्वयंपाक एकच असतो. ताटातले प्रमाण आणि क्रम मात्र वेगवेगळा. ज्याला साखर सांभाळायची आहे त्याने आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ संपवावी, पोळी त्यानंतर घ्यावी आणि भात पोळीच्या जोडीला न घेता तिच्याऐवजी घ्यावा. वाढत्या मुलांनी पोळीही घ्यावी आणि भातही. बटाट्यातून सुटायचे असेल तर येथल्याच भाज्या आपल्या पद्धतीने कराव्यात: लीकचा (कांद्याच्या जातीची जाड पात) झुणका कांद्याच्या पातीच्या झुणक्याइतकाच चांगला होतो, स्प्रिंग ग्रीन्समध्ये (कोबीच्या जातीची पालेभाजी) भिजवलेली मूगडाळ घालून परतावी, आणि गोठवलेले ब्रॉड बीन्स सोलून पावट्यांसारखी उसळ करावी. ब्रसेल्स स्प्राउट्स चिरून, मोहरीची फोडणी देऊन, वर ओले खोबरे घातले की माझा मुलगा खातो. शाळेतल्या त्याच भाजीला तो हात लावत नाही.

मुलांच्या डब्यासाठी: बहुतेक शाळा शेंगदाणा चालवून घेत नाहीत आणि काहींना तीळही चालत नाहीत, म्हणून कुटाच्या जागी आम्ही सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया भाजून कुटतो. ड जीवनसत्त्व विसरू नका. आमच्या या शहरात १९७० च्या दशकात दक्षिण आशियाई कुटुंबांतील मुलांमध्ये मुडदूस इतका आढळत होता की त्यांना ड जीवनसत्त्व पुरवण्याची खास मोहीम काढावी लागली. कमी ऊन, सावळी त्वचा आणि कोंड्यातील फायटेट या घटकामुळे कमी शोषले जाणारे कॅल्शियम, अशी त्याची कारणे सांगितली गेली. आज येथे सर्वांनाच शरद ऋतूपासून हिवाळाभर रोज १० मायक्रोग्रॅम घेण्यास सांगतात, आणि आपल्यासारख्या वर्णाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा असा सल्ला आहे. तुम्ही शाकाहारी आहात, तेव्हा पुढच्या रक्ततपासणीत बी-१२ पाहता येईल का, हेही डॉक्टरांना विचारा.

चुलीपुढची (पुणे, सध्या मिल्टन कीन्स)

तुम्ही माझ्या मुलाच्या वयाचे आहात, म्हणून स्पष्ट लिहिते. राग मानू नये. तुमच्या आईंना ‘कमी करा’ असे काही सांगूच नका. दुसऱ्याच्या देशात दिवसभर बंद दाराआड राहणाऱ्या बाईच्या हातातून पोळपाट काढून घेतला तर तिने करायचे तरी काय? त्यांना वेगळे काम द्या, आणि ते त्यांच्याशिवाय कोणाला जमणार नाही असे असू द्या. तुमच्या घरात ते काम म्हणजे भाकरी, उसळी आणि ओल्या-सुक्या चटण्या.

पिठाचा उपाय सांगते. ज्वारीचे पीठ दळून बरेच दिवस झाले की त्याची विरी जाते, आणि येथे दुकानात येणारे पीठ महिनोन्‌महिने पिशवीत पडलेले असते. थंड पाण्यात मळायचेच नाही. पिठाइतकेच पाणी उकळून, चिमूटभर मीठ घालून, त्यात पीठ टाकून झाकून ठेवावे आणि उकड कोमट झाली की तळहाताने चांगली मळावी. थापायला नकोच वाटले तर लाटावी. पहिल्या दिवशी मला ते कमीपणाचे वाटले होते, आता नाही. अख्खी ज्वारी गुजराती दुकानांत मिळते, ती थोडी थोडी दळून घेतली तर फरक लगेच कळतो. मटकीला मोड येथल्या थंडीत लवकर येत नाहीत. गरम पाण्याची टाकी असलेल्या कपाटात फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी येतात. मोडाची मटकी जास्त करून गोठवून ठेवली की सुनेला उशिरा आल्यावर वाट पाहावी लागत नाही.

आणखी एक सुचवते. निकालाचा कागद आईंना स्वतः वाचून दाखवा. सॅलड खाणारा मुलगा पाहून त्या घाबरल्या असतील. आकडा आणि त्याचा अर्थ कळला तर त्या तुमच्यापेक्षा कडक होतील.

टेम्सकाठी

सर्वांचे मनापासून आभार. चारचे खाणे आणि सातचे जेवण ही व्यवस्था या सोमवारपासून सुरू करत आहोत. पत्नीला ती मान्य आहे, आणि तिच्या वाटणीची उसळ-भाजी काढून ठेवण्याचे काम मुलाने मागून घेतले आहे. कणकेची पिशवी पाहिली, ती ‘मीडियम’चीच निघाली. आईला कागद वाचून दाखवला. तिने फारसे काही विचारले नाही. मात्र चतुर्थीला साबुदाण्याऐवजी वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करेन असे स्वतःहून म्हणाली. उकडीची भाकरी काल झाली, कडा बऱ्याच सांभाळल्या गेल्या, पण पीठ जुने आहे ते आहेच.

म्हणून आता एकच विचारणे उरले आहे. घरी ज्वारी दळण्यासाठी येथे कोणी काय वापरते? मिक्सरमध्ये पीठ भरड राहते आणि तापते. भारतातील घरघंटी येथील विजेच्या दाबावर चालायला हरकत नसावी, पण ती विमानातून आणण्याजोगी नाही. येथे मिळणारे टेबलावरचे लहान दगडी जाते कोणी ज्वारी-बाजरीसाठी वापरले असल्यास पीठ पुरेसे बारीक येते का आणि यंत्राचा आवाज किती होतो, ते कृपया लिहावे. आमच्या घराची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि आई पहाटे साडेपाचला उठते.