लहान कॉलेजात गॅदरिंगशिवाय वर्षभर काही करता येतं का? (जि. सांगली)

माळावरची_मुलगी

नमस्कार. मी एस. वाय. बी. ए. ला आहे. कॉलेज सांगलीपासून लांब, तालुक्याच्या गावात. नाव लिहीत नाही, कारण मला तक्रार करायची नाही, मार्ग हवा आहे.

आम्ही सगळे मिळून साडेतीनशेच्या आसपास. त्यातले निम्म्याहून जास्त एसटीच्या पासवर येणारे. सकाळी साडेसातला पहिला तास, साडेबाराला शेवटचा सुटतो आणि एकच्या गाडीसाठी अख्खं कॉलेज स्टँडवर असतं. त्यानंतर आवारात फक्त शिपाईमामा, ऑफिस आणि प्रॅक्टिकल असलेली सायन्सची थोडी मुलं.

करमणूक म्हणाल तर जानेवारीत साडी डे, टाय डे, शेलापागोटे (एकमेकांवर लिहिलेल्या टोमण्यांच्या चिठ्ठ्या माईकवर वाचणं) आणि मग एका दिवसाचं गॅदरिंग. त्यात मोबाईलवरची गाणी लावून ग्रुप डान्स. मंडप आणि साउंडवालाच सगळी वर्गणी घेऊन जातो. बाकी वर्षभर काही नाही.

मला हे फार लागतं, कारण माझ्याच वर्गात एक मुलगा यात्रेत हलगी वाजवतो आणि ते मला दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत माहीत नव्हतं. एक मैत्रीण आजीच्या जात्यावरच्या ओव्या म्हणते, पण गॅदरिंगला तिला नाव द्यायला सांगितलं तर म्हणाली, तिथं हे कोण ऐकणार? मला स्वतःला नाटक करायचंय. सांगलीला तालमीला जाणं शक्य नाही, अंधार पडायच्या आत घरी पोचावं लागतं. अशा कॉलेजात कुणी काही उभं केलं असेल तर सांगा. पैसे नाहीत, हॉल नाही, पण करणारी दहा-बारा जणं नक्की आहेत.

विश्रामबाग

शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव गाठा. कोल्हापूर, सांगली, सातारा या तिन्ही जिल्ह्यांचा आधी वेगवेगळा जिल्हास्तर होतो, त्यातून निवडलेले संघ मध्यवर्ती महोत्सवाला जातात. एकांकिका, लघुनाटिका, मूकनाट्य, पथनाट्य, नकला, लोकनृत्य, लोकवाद्यवृंद, वादविवाद, रांगोळी, सगळं असतं. तुमच्या हलगीवाल्याला लोकवाद्यवृंदात सरळ जागा आहे. मूकनाट्याला पाच-सहा जण पुरतात आणि नेपथ्य लागत नाही, पहिल्या वर्षी तेच घ्या. कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाकडं परिपत्रक येतं, ते जूनपासूनच विचारत राहा. आमच्याकडं ते सरांच्या कपाटात राहायचं आणि तारीख गेल्यावर कळायचं.

अग्रणीकाठ

ताई, तुझं वाचून उत्तर लिहायलाच बसले. मी आता जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझं कॉलेज खानापूर तालुक्यातलं, तुझ्यासारखंच, एसटीच्या वेळेवर चालणारं. पंधरा वर्षं होऊन गेली त्याला.

महोत्सवाचं वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय, पण त्याच्या आधीची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. महोत्सवाला जातात दहा-पंधरा जण. उरलेल्या तीनशे जणांचं काय? लहान कॉलेजात काही टिकवायचं असेल तर ते गाडी यायच्या आधी, दिवसाउजेडी, रोजच्या कपड्यांत झालं पाहिजे. संध्याकाळ धरली की मुली गेल्या, लांबच्या वाड्यांवरची मुलं गेली. मग स्टँडजवळच्या गल्लीत राहणारी चार पोरं उरतात आणि तीच कॉलेजचे कलाकार म्हणून मिरवतात.

आम्ही गुरुवार धरला होता. शेवटचा तास सुटायचा आणि गाडी यायची, त्यामध्ये पाऊण तास मिळायचा. लायब्ररीच्या मागं कडुलिंबाचा पार होता. माईक नाही, वाजवायला रेकॉर्डेड गाणं नाही आणि पाहुणा नाही. ज्याला जे येतं ते त्यानं करायचं, बाकीच्यांनी भोवती बसायचं. सुरुवातीला आमची आम्हीच होतो. मग आटपाडीकडच्या एका मुलानं सुंबरान, म्हणजे धनगरी ओव्यांचं गाणं, मांडलं. त्याचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, तो त्यांच्याकडून ओव्या शिकला होता. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा तो. त्यानं कानाला हात लावून पहिली ओळ ओढली तेव्हा ऑफिसातले क्लार्क खिडकीत आले. पुढच्या गुरुवारी पारावर जागा मिळेना. आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेत गजनृत्य करणारी पोरं आमच्याच कॉलेजात होती हे प्राध्यापकांनाही तेव्हाच कळलं.

तुझ्या मैत्रिणीला सांग, ओव्या ऐकणारे खूप आहेत. स्टेजवर दोन डान्सच्या मध्ये त्या ऐकवू नका, एवढंच. त्यांना शांतता लागते आणि ऐकणारा दोन हातांवर बसलेला लागतो.

नाटकाचं सांगते. आम्ही विकतची संहिता आणली नाही. वर्गातल्या एकीचं आजोळ कुंडलला. १९४३ ते ४६ मधल्या, इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या गोष्टी तिच्या घरात बोलल्या जायच्या, आजोबांचं लग्न गांधी पद्धतीनं झालेलं. हुंडा नाही, मानपान नाही, जेवणावळ नाही. आम्ही त्यांच्याकडं जाऊन बसलो आणि ते बोलले तसं लिहून घेतलं. त्यातून वीस मिनिटांचं पथनाट्य झालं. आजच्या लग्नांत शेत विकून मंडप घालतात, त्यावर शेवट होता. ते आधी पारावर केलं, मग राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात गावातल्या मंदिरापुढं केलं. शिबिराला आलेल्या मुलींच्या आया पहिल्यांदा तिथं मुलींना काम करताना बघायला आल्या. त्यानंतर तालमीला नाही म्हणणारं घर उरलं नाही. युवा महोत्सवाला आम्ही हेच घेऊन गेलो. नंबर आला नाही, पण पथनाट्य त्यानंतरही तीन गावांनी बोलावून घेतलं.

आपल्या जिल्ह्यात हे सगळं अंगणात पडलेलं आहे गं. मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजवाड्यात केलं. शाहीर पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, तमाशातले काळू-बाळू कवलापूरचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. तंबोरे-सतार मिरजेत बनतात. आणि आमची पोरं गॅदरिंगला हिंदी गाण्यावर हातवारे करतात, हे मला अजून सहन होत नाही.

वालचंदच्या_पलीकडे

अग्रणीकाठ ताई, पटलं, पण हिंदी गाण्यावर नाचणाऱ्यांना एवढं बोलू नका. मी सांगलीत डिप्लोमाला आहे. आमच्यातल्या कितीतरी पोरांना वर्षात एकदाच मोकळं नाचायला मिळतं. घरी शेतीची कामं, सुट्टीत द्राक्षबागेत रोजगार. त्यांना गॅदरिंग हवंच असतं. ते बंद करून पार चालू करा असं कुणी म्हणू नये. दोन्ही राहू दे.

अग्रणीकाठ

बरोबर आहे दादा. बंद करा असं म्हणत नाही. नाचणाऱ्यांनीही गुरुवारी यावं, फक्त स्पीकर घरी ठेवून. हलगी-घुमक्यावर नाचायला स्पीकरपेक्षा जास्त दम लागतो, एकदा नाचून बघा.

निवृत्त_मास्तर

मी ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवत होतो आणि बरीच वर्षं सांस्कृतिक विभाग माझ्याकडं होता. परवानगीचं सांगतो, कारण उत्साही मुलं तिथंच अडतात.

प्राचार्यांकडं ‘आम्हाला कार्यक्रम करायचाय’ असा अर्ज नेऊ नका. वाङ्मय मंडळ प्रत्येक महाविद्यालयात कागदावर असतंच. मराठीच्या सरांना भेटा आणि ‘वाङ्मय मंडळाचा साप्ताहिक उपक्रम’ म्हणून लिहून द्या. महाविद्यालयाला वर्षाच्या अहवालात उपक्रम आणि फोटो दाखवावे लागतात, त्यामुळं तुमचा गुरुवार त्यांनाही उपयोगाचा आहे. तासांच्या वेळेत आवाज होणार नाही हे अर्जात आधीच लिहा. सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी सोबत असतील तर निम्मं काम झालं, गावात पथनाट्य न्यायला गाडीची सोयही तेच करतात.

सुरुवातीला दोन तारखा पकडा. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आणि २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. नोव्हेंबरात दिवाळी किंवा परीक्षा आडवी येते, तेव्हा चार दिवस मागंपुढं करा, कुणी हरकत घेत नाही. या दिवशी महाविद्यालयाला काहीतरी करायचंच असतं आणि बहुतेक वेळा एका पाहुण्याचं भाषण होतं. त्याच जागी तुम्ही नाटिका द्या.

शेलापागोट्यांबद्दल मला तळमळीनं सांगायचंय. चिठ्ठ्या आधी दोन शिक्षक आणि दोन मुलींनी मिळून वाचल्याशिवाय माईकवर जाऊ देऊ नका. रंगावरून, जातीवरून, घरच्या परिस्थितीवरून लिहिलेलं बाजूला काढा. चिठ्ठी ऐकून कॉलेज सोडलेली मुलगी मी पाहिली आहे. लहान गावात ते वाक्य स्टँडवर, बाजारात, सगळीकडं तिच्या मागं जातं.

माळावरची_मुलगी

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरकाका, आज मराठीच्या सरांना भेटले. वाङ्मय मंडळाचं रजिस्टर खरंच आहे, शेवटची नोंद भित्तिपत्रकाची आहे. ते हो म्हणाले, पण हलगीला नको म्हणाले, कारण साडेबारानंतरही सायन्सची प्रॅक्टिकल चालू असतात. आमच्याकडं पार नाही. सायकल स्टँडचा पत्रा आहे, त्याखाली सावली असते. हलगीचं काय करू? आणि ताई, एवढ्या मोठ्यानं कुणी बोललं नाही तर मागच्यांना ऐकू जाईल का?

अग्रणीकाठ

पत्र्याखाली आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत. भिंतीकडं पाठ करून उभी राहा आणि लोकांना अर्धगोल बसव, तीस-चाळीस जणांना सहज ऐकू जातं. आधी ओव्या आणि वाचन ठेव. हलगीसाठी प्रॅक्टिकल नसतात तो वार बघ, बहुतेक शनिवार निघेल. नाहीतर ग्राउंडच्या पलीकडच्या कोपऱ्यात. आणि हलगी ताणायला शेकावी लागते, तेव्हा काडीपेटी आणि पाचटाची मूठ त्या मुलालाच आणायला सांग, शिपाईमामांना आधी विचारून.