वन-वे पाठीचा कॅट: प्रेक्षकानं पिसला की उलटं पान सापडत नाही

करवीर_कॅट

नमस्कार मंडळी. आमच्या तालमीच्या गणपतीत वीस मिनिटांचा पत्त्यांच्या जादूचा कार्यक्रम करायचा आहे. स्टेज नाही, मांडवातच सतरंजीवर बसून. समोर पंचवीस-तीस माणसं, त्यात निम्मी पोरं. कॅटच्या पाठीवर घोड्याचं चित्र आहे, म्हणजे पान उलटं झालं की घोड्याचे पाय वर. यालाच वन-वे पाठ म्हणतात. सगळी पानं एका दिशेनं लावायची, एक पान ओढायला द्यायचं, ते बघेपर्यंत हातातला कॅट फिरवायचा, पान परत घ्यायचं, पिसायचं आणि उलटा घोडा शोधायचा. इथवर कळलंय.

पुढं अडतंय ते असं. मी पिसला तर दरवेळी जमतं. समोरच्यानं पिसला की कधी एकही उलटं पान निघत नाही, कधी निम्मा कॅटच उलटा. दुसरं, घोडा पोरांच्या चटकन लक्षात येतो. तिसरं, चौघांना एकदम पान ओढायला द्यायचं असेल तर कुणाचं कुठलं ते कसं ओळखायचं? घरात बायसिकल ब्रँडचा लाल कॅटही आहे, पण त्याची पाठ दोन्हीकडून सारखी.

किलवर_गुलाम

पिसण्याचं आधी बघू, कारण निम्मा कॅट उलटा होण्याचं मूळ तिथंच आहे.

आपल्याकडं बहुतेक माणसं कॅट डाव्या हातात घेऊन वरून थोडी थोडी पानं सोडत पिसतात. बाहेरचे जादूगार या पद्धतीला हिंदू शफल म्हणतात. यात पानांचा क्रम बदलतो, दिशा अजिबात बदलत नाही. ओव्हरहँडचंही, म्हणजे कॅट कडेवर उभा धरून पानं सोडत पिसण्याचंही, तेच. कॅट काटला तरी काही बिघडत नाही. पान परत आल्यावर अख्खा कॅट कितीही वेळा फिरला तरी चालतं, एक पान बाकीच्यांच्या विरुद्ध आहे एवढंच आपल्याला पाहिजे असतं.

घात होतो तो रिफलमध्ये, म्हणजे दोन भाग करून फर्रर्र करत पानं एकमेकांत सोडतात तेव्हा. पानाच्या एका टोकाला डोकं म्हणा, दुसऱ्याला पाय. कॅट जमिनीवर आडवा ठेवून वरचा भाग उजवीकडं सरकवला, तर डाव्या भागाचे पाय आणि उजव्या भागाचं डोकं समोरासमोर येतं. डोक्याला पाय भिडले की दिशा शाबूत. हवेत, दोन्ही हातांत धरून रिफल करणारे मात्र कॅट अंगठ्याखाली मोडतात आणि दोन्ही भागांचं तेच टोक दोन्ही अंगठ्यांखाली आणतात. डोक्याला डोकं भिडतं आणि एक भाग आपोआप उलटा होतो. तुमचा निम्मा कॅट असाच गेलाय.

दोन भाग करून लांब कडेनं एकमेकांत घुसवणारेही असतात. तिथं उजव्या हाताचं मनगट बघा. भाग उचलताना मनगट अर्धा फेरा फिरलं तर तो भाग गेला. सतरंजीवर सगळी पानं पसरून कालवणारा भेटला तर विषयच संपला.

म्हणून क्रम बदला. प्रेक्षकाला पिसायला द्या, पण पान ओढायच्या आधी. कॅट परत आला की पाठी वर ठेवून एकदा पसरा आणि नजर फिरवा. सगळं एका दिशेला असेल तर पुढं चला. बिघडलं असेल तर तोंडातून काही न काढता दिशेचा संबंध नसलेला दुसरा प्रयोग सुरू करा. अजून कुणी पान ओढलेलंच नसतं, त्यामुळं काही फसलं हे कुणाला कळत नाही. पान परत आल्यावर मात्र कॅट तुमच्याच हातात राहू दे. हिंदू शफल तुम्ही करा, काटायला त्यांना द्या. पिसलाय सगळ्यांनी, असंच लोकांच्या लक्षात राहतं.

एक गोष्ट कायमची बांधून ठेवा. हा कॅट रमीला द्यायचा नाही. समोरासमोर बसून वाटलेली पानं गोळा केली की दिशा राहत नाही, परत बावन्न पानं लावत बसावं लागतं.

चौकट_सत्ती

दादांनी पिसण्याचं नेमकं सांगितलं. एकही उलटं पान सापडत नाही त्याचं कारण वेगळं आहे. तिथं पान प्रेक्षकाच्या हातात फिरतं.

पान बघायला माणूस ते उलटतो आणि बघून झालं की परत पालथं करतो. वहीचं पान उलटावं तसं आडवं उलटलं आणि तसंच आडवं पालथं केलं, तर दिशा तीच. खालची कड वर उचलून उभं उलटलं आणि तसंच उभं पालथं केलं, तरी तीच. पण उभं उलटून आडवं पालथं केलं, किंवा त्याच्या उलट, की पान बरोबर अर्धा फेरा फिरतं. घरात एक पान घेऊन करून बघा, लगेच पटेल. त्यात तुम्हीही कॅट फिरवलेला असतो, मग दोन फेरे एकमेकांना खातात आणि पान बाकीच्यांसारखंच बसतं. शेजाऱ्याला दाखवणारे तर पान हमखास फिरवतात.

म्हणून पान बाहेर गेलं की नजर पानाच्या पाठीवर ठेवा, माणसाच्या चेहऱ्यावर नंतर. परत देताना पाठीची दिशा दिसतेच. पान स्वतःच उलटं येत असेल तर कॅट फिरवायचा नाही. सरळ येत असेल तर त्या क्षणी फिरवायचा. आधी फिरवून ठेवून वाट बघत बसणं ही सगळ्यात मोठी चूक.

फिरवायचं कसं? डाव्या हातातला कॅट उजव्या हातानं वरून दोन्ही टोकांना धरा, "शेजाऱ्यालाही दाखवा" म्हणत डाव्या हातानं खूण करा आणि कॅट परत डाव्या हातात घेताना उजवं मनगट वळवा. हात रिकामा करायला कारण असलं की वळणं दिसत नाही. मांडवात तर याहून सोपं आहे. तुम्ही समोर बसलेले आहात. पान ओढलं की उठा आणि त्याच्याच शेजारी, तो बघतोय त्या दिशेला तोंड करून बसा. तुम्ही अर्धे वळलात, हातातला कॅट तुमच्याबरोबर वळला, मनगट हलवायची गरजच नाही. फक्त मग हातानं परत फिरवू नका.

आता घोडा. इतकं मोठं चित्र जवळच्या पोरांसमोर टिकणार नाही. चित्राचा कॅट लांबच्या प्रेक्षकांना ठीक. तुम्ही तो बायसिकलचाच घ्या आणि पाठ वन-वे करा.

पाठीच्या नक्षीत कोपऱ्याजवळ एक बारीक पांढरी जागा निवडा आणि पाठीच्याच लाल रंगाच्या, बारीक टोकाच्या पर्मनंट मार्करनं भरा. साध्या शाईचा पेन चालत नाही, वरच्या लेपावर शाई धरत नाही आणि बोटानं पुसली जाते. आधी जोकरवर करून दहा मिनिटं वाळू द्या, अंगठ्यानं घासून बघा, मगच बावन्न पानं. खूण वरच्या डाव्या कोपऱ्यात एकच. समोरच्या तिरक्या कोपऱ्यात दुसरी केली तर पाठ परत दोन्हीकडून सारखी झाली आणि कष्ट वाया. ब्लेडनं खरवडायचा मोह टाळा. मांडवातल्या ट्यूबलाइटखाली पान तिरकं झालं की खरवडलेली जागा चमकते.

यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे शोधताना कॅट कसा धरायचा. डाव्या अंगठ्यानं पानं उजवीकडं सरकवली की वरचं पान पूर्ण दिसतं आणि खालच्या प्रत्येकाची फक्त डावी पट्टी दिसते. सगळ्यांच्या खुणा डावीकडं वर दिसत असतील तर तुम्हाला खूण *नसलेलं* पान शोधावं लागेल, आणि नसलेली गोष्ट डोळ्याला सापडत नाही. कॅट उलटा धरा. आता एकावन्न खुणा उजवीकडं खाली झाकल्या जातात आणि हवं ते एकच पान ठिपका घेऊन वर येतं. सरकवता सरकवता कळतं, थांबावं लागत नाही.

करवीर_कॅट

ताई, दादा, आत्ताच पान हातात घेऊन बघितलं, उभं उलटून आडवं ठेवलं की खरंच फिरतं! एक शंका. नवीन कॅट घेताना खूण न करता वन-वे मिळतो का? आणि चौघांचं अजून राहिलं.

पेठेतला_पत्तेवाला

मिळतो, पण दुकानात पाकीट फोडून बघायची सोय असेल तरच. कोल्हापुरात महाद्वार रोडला घ्या नाहीतर राजारामपुरीत, तपासायची रीत एकच. दोन पानं शेजारी ठेवा, एक अर्धं फिरवा, पांढरी किनार ताडून बघा. कापताना सरकलेल्या कॅटची किनार वर एक आणि खाली त्याहून बारीक निघते. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही सरावलेल्या डोळ्याला पुरतो. किनार नसलेल्या, कडेपर्यंत चौकड्यांची नक्षी असलेल्या पाठीवर तर एका कडेला पूर्ण चौकडी आणि समोरच्या कडेला अर्धी, असं स्पष्ट दिसतं. २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स कॅसिनोत फिल आयव्ही हा खेळाडू अशाच कडेच्या फरकावरून सुमारे ७७ लाख पौंड जिंकला. कॅसिनोनं पैसे दिले नाहीत, आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही ती फसवणूकच ठरवली. गणपतीच्या जागरणाला तीन पत्तीचा डाव पडतो तिथं हा कॅट चुकूनही नेऊ नका. जादू म्हणून दाखवणं वेगळं आणि पैशावर खेळणं वेगळं.

पाठीला हात न लावताही काम होतं. पानाच्या तोंडावर बघा. इस्पिक, बदाम आणि किलवर या तिघांची एक्का, तिर्री, पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी आणि नव्वी, ही एकवीस पानं. मधल्या ठिपक्यांमुळं यांना वर-खाली आहे. चौकटचे ठिपके दोन्हीकडून सारखे, त्यामुळं तिथं फक्त सत्ती, कारण तिचा सातवा ठिपका एकाच बाजूला असतो. एकूण बावीस. दुर्री, चौकी, दश्शी आणि चित्रं घेऊ नका. या बावीस पानांचे जास्त ठिपके एका दिशेला लावा. पाठ कशीही असली तरी प्रयोग होतो, फक्त शोधताना पानांची तोंडं तुमच्याकडं पाहिजेत. काही स्वस्त कॅटमध्ये ठिपक्यांची मांडणी वेगळी असते, म्हणून बावीसही एकदा नजरेखालून घाला.

(सावंतवाडीच्या गंजिफ्यावर हे करता येईल का असं कुणी विचारण्याआधीच सांगतो: पान गोल असतं, त्याला टोकच नाही. दशावतारी गंजिफ्यात १२० पानं असूनही या कामाला एकही नाही.)

आता चौघांचं. दिशा तुम्हाला फक्त हो किंवा नाही सांगते, नाव सांगत नाही. म्हणून एकाच कॅटमध्ये चार पानं उलटी करू नका. प्रत्येकाला वेगळा गठ्ठा द्या.

तेरा-तेरा पानांचे चार गठ्ठे करा. पहिला सरळ, दुसरा उलटा, तिसरा सरळ, चौथा उलटा. चौघांना एका ओळीत बसवा, गोलात नाही. गोलात शेजारी काटकोनात येतो आणि पान देताना वळतं. प्रत्येकानं आपला गठ्ठा हिंदू शफलनं पिसायचा, वरचं पान किंचित वर उचलून कोपऱ्यातून बघायचं, आणि पालथंच उजवीकडच्याच्या गठ्ठ्यात मधे सारायचं. चौथ्याचं पान तुम्ही स्वतः नेऊन पहिल्याच्या गठ्ठ्यात घाला, त्याची दिशा न बदलता. आता प्रत्येक गठ्ठ्यात बारा पानं एका दिशेला आणि एक विरुद्ध, कारण शेजारचा गठ्ठा आधीपासूनच विरुद्ध होता. तुम्ही काहीच फिरवलेलं नाही. परत पिसू द्या. कुणाचं पान कुठल्या गठ्ठ्यात ते जागेवरून ठरलेलंच आहे.

माणसं दोन किंवा चारच घ्या. तीन घेतली तर तिसरा आणि पहिला गठ्ठा एकाच दिशेचे होतात आणि ते पान कायमचं हरवतं.

किलवर_गुलाम

चौघांचा प्रयोग झकास आहे. त्याच्या आधी लाल-काळ्याचा ठेवा, पोरांना लई आवडतो. दहा लाल सरळ, दहा काळी उलटी. पोराला हिंदू शफलनं पिसू द्या, मग पाठी बघून दोन ढीग वाटा आणि शेवटी उलटवा. वीसच पानं घ्या. बावन्न वाटायला लागलं की लोक कंटाळून पाठीकडं बघायला लागतात.

आणि पावसाचं ध्यानात ठेवा. गणपतीत कोल्हापूरची हवा दमट असते, कागदी पानं फुगतात आणि चार-पाच पानं चिकटून एकत्र सरकतात. उलटं पान अशा झुबक्यात अडकलं की ठिपका दिसतच नाही आणि माणूस घाबरून परत पहिल्यापासून शोधतो. कॅट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह ठेवा, कार्यक्रमाच्या आधीच काढा. प्लास्टिकची पानं फुगत नाहीत, पण सतरंजीवरून घसरतात आणि मार्करची खूण घामेजल्या बोटांनी उडते. दोन कागदी कॅट सारख्या खुणा करून घ्या, दुसरा खिशात.

चौकट_सत्ती

एक राहिलं. पान दाखवून झालं की ते कॅटमध्ये घालताना सरळ करूनच घाला. नाहीतर पुढच्या प्रयोगात दोन ठिपके दिसतील आणि कुठला आत्ताचा ते कळणार नाही. टाळ्या चालू असतात तेव्हाच करा, कुणाचं लक्ष नसतं.